न्यायासनावरून ऐकलेली कहाणी : चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांचे जीवन आणि लेखन

प्रास्ताविक

श्रावण महिना सुरू झाला की पालघर, माहीम, केळवे, चिंचणी, तारापूर या किनाऱ्यालगतच्या गावांतून घरोघरी कहाण्यांची पोथी बाहेर निघते. हातात अक्षता घेऊन बायका बसतात, एक जण वाचते आणि बाकीच्या ऐकतात. बोईसर-तारापूर परिसरात या परंपरेला एक निराळे परिमाण लाभले आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि खानदेश, मराठवाडा, विदर्भ, तळकोकण अशा सर्व भागांतील कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांच्याबरोबर त्यांच्या कहाण्याही आल्या. एकाच शुक्रवारची कहाणी एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर दोन निराळ्या वळणांनी सांगितली जाताना येथे ऐकू येते.

मराठी स्त्रियांच्या या व्रतकथा इंग्रजी वाचकांसमोर पुस्तकरूपाने मांडणाऱ्यांत चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांचे नाव महत्त्वाचे आहे. मराठी अभ्यासकांना हे नाव परिचित आहे ते प्रामुख्याने इतिहासकार म्हणून. 'किंकेड आणि पारसनीस' हे जोडनाव मराठेशाहीच्या इतिहासाच्या संदर्भसूचींत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले आहे. तथापि किंकेड यांचा पेशा इतिहासलेखनाचा नव्हता. ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा परामर्श घेताना त्यांचे न्यायदान आणि त्यांचे लेखन यांतील नाते तपासण्याचा प्रयत्न आहे. ज्या कानांनी त्यांनी साक्षी ऐकल्या त्याच कानांनी कहाण्या ऐकल्या, आणि त्यांच्या लेखनाचे गुण व मर्यादा या दोहोंचा उगम या सवयीत सापडतो, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

घराणे आणि घडण

किंकेड यांचा जन्म १८७० चा. त्यांचे वडील विल्यम किंकेड हे लष्करी अधिकारी होते आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांशी संबंधित राजकीय खात्यात त्यांची कारकीर्द झाली. भोपाळच्या परिसरातील प्राचीन अवशेषांविषयी त्यांना आस्था होती आणि त्यांनी त्याविषयी लिहिलेही होते. हिंदुस्थानात नोकरी करणे आणि फावल्या वेळात तेथील भूतकाळाचा शोध घेणे, या दोन्ही गोष्टी मुलाला घरातूनच मिळाल्या होत्या.

त्यांचे शिक्षण इंग्लंडातील शेरबोर्न येथे आणि पुढे ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात झाले. त्या काळी बेलियल हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये जाणाऱ्या तरुणांचे एक प्रमुख केंद्र होते. ग्रीक आणि लॅटिन वाङ्मयाच्या अभ्यासावर तेथे मोठा भर असे. या अभिजात शिक्षणाचा ठसा किंकेड यांच्या लेखनावर शेवटपर्यंत राहिला. उत्तर आयुष्यात त्यांनी अलेक्झांडरच्या वारसदारांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वीरांकडे पाहतानाही त्यांच्या मनात ग्रीक महाकाव्याचा साचा असे. मराठ्यांच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडाच्या उपशीर्षकात त्यांनी पेशवाईचा उल्लेख चित्पावनांचे महाकाव्य असा केला, तो याच संस्कारामुळे.

१८९१ च्या सुमारास ते मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. न्यायमूर्ती रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. १८९८ मध्ये राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. १९०० मध्ये रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ निघाला. महाराष्ट्र आपल्या भूतकाळाची कागदपत्रे शोधत होता आणि त्याच वेळी वर्तमानातील राज्यकर्त्यांशी त्याचा संघर्ष तीव्र होत होता. तरुण किंकेड या संघर्षात राज्यकर्त्यांच्या बाजूला उभे होते. त्यांची मानसिक गुंतवणूक मात्र पहिल्या गोष्टीत, म्हणजे भूतकाळाच्या शोधात होत गेली.

न्यायासन आणि भाषा

मुंबई इलाख्यातील सिव्हिलियन अधिकारी आरंभी मॅजिस्ट्रेट आणि महसुली अधिकारी म्हणून काम करीत. काही वर्षांनी त्याच्यापुढे दोन वाटा असत. एक वाट कलेक्टरीकडे जाई, दुसरी न्यायखात्याकडे. कलेक्टराच्या पदाला दरारा होता, दौरे होते, शिकारी होत्या. न्यायखात्याकडे वळणाऱ्याला दिवसभर एका खोलीत बसून ऐकावे लागे. किंकेड यांनी दुसरी वाट धरली.

या ऐकण्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे साक्षीदाराची जबानी न्यायालयाच्या भाषेत लिहून घेतली जात असे. महाराष्ट्रातील जिल्ह्यांत ही भाषा मराठी होती. जबानी कारकुनाने उतरून घेतली तर न्यायाधीशाने साक्षीच्या आशयाचे टिपण आपल्या हाताने करावयाचे असे. इंग्रज न्यायाधीश हे टिपण इंग्रजीत करी. म्हणजेच साक्षीदार मराठीत बोलतो, कारकून मराठीत लिहितो आणि न्यायाधीश ते ऐकता ऐकता त्याचे इंग्रजीकरण करीत जातो, असा हा रोजचा क्रम होता. दिवसातून पाच-सहा तास आणि वर्षानुवर्षे चालणारी ही भाषांतराची एक पाठशाळाच म्हणावी लागेल. येथे कुणबी, कोळी, महार, परीट, ब्राह्मण, वाणी अशा सर्वांची बोली कानावर पडे. बाईमाणसाची साक्ष असली तर घरातील भांडणे, सासू-सुनांचे वाद, सवतीमत्सर, दागिन्यांचे हिशोब हेही सारे पुढ्यात येई.

या टिपणाचा एक स्वभाव असतो. त्यात आशय नेमका येतो, पण आवाज गळतो. हेलकावे, पुनरुक्ती, साक्षीदाराने मध्येच घेतलेला श्वास यांना तेथे जागा नसते. सत्र न्यायाधीशाच्या या टिपणावर आणि त्याच्या निकालावर माणसाचा जीव अवलंबून असे. देहान्ताची शिक्षा फर्मावण्याचा अधिकार त्याला होता, मात्र उच्च न्यायालयाने ती कायम केल्यावाचून तिची अंमलबजावणी होत नसे. किंकेड यांच्या कथनशैलीत जो आटोपशीरपणा दिसतो, प्रसंगाच्या मुद्द्याला हात घालण्याची जी घाई दिसते, तिचे मूळ या सवयीत आहे.

पहिली पुस्तके

किंकेड यांच्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकाचा विषय काठेवाड हा आहे. 'द आउटलॉज ऑफ काठियावाड' हे पुस्तक १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थानिकाने जमीन हिरावून घेतल्यावर किंवा अपमान केल्यावर गाव सोडून रानात जाणारा आणि त्या राज्याशी वैर मांडणारा जो बहारवटिया, त्याच्या कथा त्यात आहेत. याच विषयावर पुढे झवेरचंद मेघाणी यांनी गुजरातीत 'सोरठी बहारवटिया' लिहिले आणि ते गुजराती लोकसाहित्यातील मानबिंदू ठरले. न्यायाधीशाच्या दृष्टीने बहारवटिया हा गुन्हेगार. किंकेड यांनी मात्र त्याच्याकडे न्याय नाकारला गेलेला माणूस म्हणूनही पाहिले. कायद्याने दोषी आणि कथेत नायक, ही दुहेरी दृष्टी त्यांच्या लेखनात येथून सुरू होते.

१९०८ मध्ये 'द टेल ऑफ द तुलसी प्लँट' हा लेखसंग्रह आला. १९१७ मध्ये 'इष्टुर फाकडे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच मराठी आहे. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठ्यांनी त्याच्या शौर्यामुळे 'फाकडा' ही पदवी दिली आणि वडगावच्या लोकांनी त्याच्या थडग्याला पुढे देवत्व दिले. शत्रूच्या शौर्याची कदर करणारी ही मराठी वृत्ती किंकेड यांना भावली होती. अर्थात, ज्या युद्धात इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला त्या युद्धातील इंग्रज वीर त्यांनी निवडावा, यातील सोयही वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

कहाण्यांचे भाषांतर

१९१४ मध्ये मॅकमिलन कंपनीने 'डेक्कन नर्सरी टेल्स' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील कथा आधी 'टाइम्स ऑफ इंडिया'मधून प्रसिद्ध झाल्या होत्या. संग्रहात २० कथा आहेत आणि त्यांना महादेव विश्वनाथ धुरंधर यांची रंगीत चित्रे आहेत. किंकेड यांचा मुलगा डेनिस याचा जन्म १९०५ चा. या कथांविषयीची त्याची उत्सुकता हे भाषांतराचे निमित्त ठरले, आणि पुस्तकही त्यालाच अर्पण केलेले आहे.

मराठी वाचकाला या २० कथा तत्काळ ओळखू येतात. आदित्यराणूबाईची रविवारची कहाणी, सोमवारची खुलभर दुधाची, बुध-बृहस्पतीची, शुक्रवारची, शनिवारची, महालक्ष्मीची, नागोबाची, सोमा परटिणीची, दिव्यांच्या अवसेची, ऋषिपंचमीची, पिठोरीची अशा या कहाण्या आहेत. निवड जाणीवपूर्वक केलेली असून वारांच्या कहाण्या आधी आणि सणांच्या नंतर अशी तिची मांडणी आहे.

भाषांतराच्या दृष्टीने एका शब्दाची चर्चा येथे उद्‌बोधक ठरेल. मराठी कहाणी आटपाट नगरात घडते. हे नगर नकाशावर नाही. ऐकणाऱ्या बाईला ते आपल्या गावाइतके जवळचे आणि देवाच्या गावाइतके दूरचे वाटते. किंकेड यांनी हा शब्द तसाच ठेवला, पण त्याचे नगराचे विशेषनाम केले. इंग्रजी मुलाला 'आटपाट' हे पुण्यासारखे किंवा साताऱ्यासारखे एक शहर वाटते. न्यायालयीन टिपणात घटनास्थळ नोंदवावे लागते. कहाणीलाही एक घटनास्थळ मिळाले. मूळ कहाणीच्या गद्यातील लय, तिची यमके आणि तिचे ठेके इंग्रजीत उतरत नाहीत याची जाणीव किंकेड यांना होती. मराठी गद्याचा साधेपणा आणि डौल त्यांनी ओळखला होता. लिखित ग्रंथांच्या गद्याचाच विचार होत असे त्या काळी एका परक्या न्यायाधीशाने बायकांच्या व्रतकथांकडे उत्तम गद्याचा नमुना म्हणून पाहावे, ही त्यांच्या वाङ्मयीन कानाची साक्ष आहे.

यांतील दिव्यांच्या अवसेची कहाणी न्यायाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. राजाची सून घरातला एक पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड घेतात. ते तिची चोळी रात्री पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. सकाळी चोळी सापडते, घरात बोभाटा होतो आणि सुनेला घराबाहेर काढले जाते. तिला कोणी विचारीत नाही. ती रोज दिवे घासून लावीत असे आणि अवसेला त्यांची पूजा करीत असे, ते सर्व थांबते. पुढे एका अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा झाडाखाली थांबतो आणि गावातले सर्व दिवे तेथे जमून आपापल्या घरची सुखदुःखे बोलत असल्याचे ऐकतो. त्याच्याच घरचा दिवा खरी हकीकत सांगतो. राजा घरी जाऊन चौकशी करतो, कोणीही काही प्रत्यक्ष पाहिले नव्हते असे आढळते, आणि सुनेला सन्मानाने परत आणले जाते.

ही कहाणी परिस्थितिजन्य पुराव्याच्या धोक्याची कथा आहे. अंथरुणातील चोळी हा पुरावा सर्वांना दिसतो, पण तो तेथे कसा आला हे कोणी तपासत नाही. सत्य ज्यांना ठाऊक आहे ते उंदीर आणि दिवे यांना न्यायालयात साक्ष देता येत नाही. सत्र न्यायालयात बसणाऱ्या माणसाने ही कथा भाषांतरित करताना तिच्यातला हा अर्थ त्याच्या ध्यानी आला नसेल, असे मानणे कठीण आहे. कहाणी राजाला दोष देते आणि त्याला दुरुस्तीची संधीही देते. चुकीचा निकाल देणाऱ्याने रात्री झाडाखाली गप्प बसून ऐकावे, एवढेच ती मागते.

तथापि येथेच किंकेड यांच्या कार्याची मोठी मर्यादाही दिसते. त्यांच्या आधी ४६ वर्षे, १८६८ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने 'ओल्ड डेक्कन डेज' हा लोककथासंग्रह प्रसिद्ध केला होता. त्यात कथा सांगणाऱ्या ॲना लिबेराता डिसोझा या आयेचे नाव आहे आणि तिच्या आयुष्याची हकीकतही आहे. किंकेड यांच्या संग्रहात कहाणी सांगणारी बाई नावानिशी भेटत नाही. कहाण्या ही सर्वांची मालमत्ता आहे आणि त्या छापील पोथ्यांतूनही उपलब्ध होत्या, हे खरे. परंतु ज्या कोर्टात साक्षीदाराचे नाव, वय, जात, धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिल्याखेरीज जबानी सुरू होत नसे, त्या कोर्टातील न्यायाधीशाने कहाणीची साक्षीदार अनाम ठेवली. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही उणीव खटकल्याशिवाय राहत नाही.

पारसनीसांबरोबर इतिहासलेखन

किंकेड यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'ए हिस्टरी ऑफ द मराठा पीपल' हा त्रिखंडात्मक ग्रंथ होय. सहलेखक होते दत्तात्रय बळवंत पारसनीस. पारसनीसांचा जन्मही १८७० चाच. झाशीच्या राणीचे चरित्र (१८९४), ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचे चरित्र (१९००), 'भारतवर्ष' आणि 'इतिहाससंग्रह' ही नियतकालिके, तसेच साताऱ्यात जमविलेला कागदपत्रांचा, चित्रांचा आणि वस्तूंचा प्रचंड संग्रह, अशी त्यांची कमाई होती. मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तरही त्यांच्या हाती आले होते. त्यांचा संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. कागदपत्रांची बाजू पारसनीसांची आणि इंग्रजी लेखन किंकेड यांचे, अशी या सहकार्यातील विभागणी होती.

पहिला खंड १९१८ मध्ये निघाला आणि तो शिवाजी महाराजांच्या मृत्यूपर्यंत येतो. दुसरा १९२२ मध्ये निघाला, तो शाहू महाराजांच्या मृत्यूपर्यंत म्हणजे १७४९ पर्यंत जातो. तिसरा खंड १९२५ चा. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, पारसनीसांचे निधन झाले.

या ग्रंथाचे महत्त्व ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाशी तुलना केली असता कळते. डफच्या इतिहासात मराठ्यांचा उदय हा वणव्यासारखा अकस्मात पेटतो. किंकेड यांनी पहिल्याच खंडात पंढरपूरच्या भक्तिसंप्रदायाला स्वतंत्र स्थान दिले आणि राज्याच्या आधी समाज उभा केला. ग्रंथाच्या नावात 'मराठा पीपल' हे शब्द आहेत ते उगाच नव्हेत. या मांडणीमागे रानड्यांचा प्रभाव स्पष्ट आहे. एका न्यायमूर्तीने मांडलेले सूत्र दुसऱ्या न्यायाधीशाने विस्ताराने गुंफले, असे म्हणता येईल.

दोषही दाखवावयास हवेत. बखरींतील आख्यायिका आणि समकालीन कागद यांच्यातील भेद या ग्रंथात पुरेसा पाळलेला नाही. कथेची गोडी लागलेला लेखक चांगली कथा सोडावयास तयार होत नाही. जदुनाथ सरकारांचा शिवचरित्रावरील ग्रंथ १९१९ चा. फार्सी आणि युरोपीय साधनांची त्यातील कठोर छाननी पाहिली की किंकेड यांची पद्धती सैल वाटते. शिवाय १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर आले आणि पेशवाईच्या इतिहासाचा पायाच बदलला. त्याआधी लिहिलेला हा ग्रंथ त्यामुळे लवकरच मागे पडला.

आपल्या परिसराच्या दृष्टीने दुसऱ्या खंडाचा काळ जिव्हाळ्याचा आहे. १७३७ ते १७३९ ची चिमाजी आप्पांची वसईची मोहीम याच काळातली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि पाठोपाठ तारापूर मराठ्यांच्या हाती आले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली. पेशव्यांच्या पत्रव्यवहारावर आधारलेल्या इतिहासात माहीम, केळवे, तारापूर ही गावे मोहिमेतील टप्पे म्हणून येतात. तटाच्या आतबाहेर राहणारे कोळी, भंडारी, वाडवळ, वारली या पत्रांत क्वचित बोलतात. इतिहासातली ही शांतता आणि कहाणीसंग्रहातली अनामिक बाई यांचे मूळ एकच आहे. टिपण करणाऱ्याने कोणाचा आवाज नोंदवावयाचा हे आधीच ठरविलेले असते.

संतकथा आणि सिंधमधील वर्षे

१९१९ मध्ये 'टेल्स ऑफ द सेंट्स ऑफ पंढरपूर' हे छोटेखानी पुस्तक निघाले. महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजया'त ज्या संतांची चरित्रे ओवीबद्ध केली त्या संतमंडळाची ओळख त्यात इंग्रजी वाचकाला होते. जस्टिन ॲबट यांच्या महाराष्ट्रीय संतकवींवरील इंग्रजी मालेला १९२६ मध्ये प्रारंभ झाला. किंकेड यांचे पुस्तक त्याच्या सात वर्षे आधीचे आहे. ॲबट यांची शब्दनिष्ठा त्यात नाही. ते गोष्टी सांगतात आणि पुढे जातात. पण चमत्कारांकडे ते छद्मीपणाने पाहत नाहीत, ही त्या काळच्या इंग्रज लेखकाच्या बाबतीत नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

नोकरीच्या अखेरच्या पर्वात किंकेड कराचीला होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात असला तरी त्याचे वरिष्ठ न्यायालय स्वतंत्र होते आणि त्यास ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय म्हणत. उच्च न्यायालयाचे अधिकार तेथे या न्यायालयाकडे होते. किंकेड १९२० च्या दशकात या न्यायालयाचे प्रमुख झाले. तेथेही त्यांची सवय सुटली नाही. सिंध आणि गुजरातच्या लोककथांचा त्यांचा संग्रह १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सी. व्ही. ओ. हा राजसन्मान त्यांना लाभला होता. १९३४ मध्ये 'फॉर्टी-फोर इयर्स ए पब्लिक सर्व्हंट' या नावाने त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. या नावातच त्यांची स्वतःविषयीची समजूत आहे. आपण लेखक आहोत असे न म्हणता त्यांनी स्वतःला सरकारी नोकर म्हटले. साम्राज्याच्या न्याय्यतेविषयी मूलभूत शंका घेणारे ते नव्हते. विल्यम वेडरबर्न यांच्यासारखा न्यायखात्यातील सिव्हिलियन निवृत्तीनंतर १८८९ मध्ये राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला. किंकेड त्या वाटेला गेले नाहीत. त्यांचे महाराष्ट्रावरील प्रेम खरे होते. ते भूतकाळावर होते, गोष्टींवर होते. वर्तमानातील महाराष्ट्राच्या राजकीय आकांक्षांना त्या प्रेमात जागा नव्हती.

डेनिस

ज्या मुलासाठी कहाण्या इंग्रजीत आल्या तो डेनिस पुढे वडिलांच्याच मार्गाने इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये मुंबई इलाख्यात आला. तोही लेखक होता. 'दरबार' (१९३३), 'कॅक्टस लँड' (१९३४) यांसारख्या कादंबऱ्या त्याने लिहिल्या. वडिलांनी मराठ्यांचा इतिहास लिहिला होता, मुलाने शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. 'द ग्रँड रिबेल' हे ते पुस्तक १९३७ चे. त्याच वर्षी कारवारजवळ समुद्रात बुडून डेनिसचा अंत झाला. त्याचे वय अवघे ३२ होते. हिंदुस्थानातील ब्रिटिशांच्या सामाजिक जीवनावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रकाशित झाला.

कहाण्यांच्या जगात गेलेली मुले परत येतात. पिठोरीच्या कहाणीत प्रत्येक श्रावणी अवसेला मूल गमावणारी आणि घराबाहेर काढली गेलेली ब्राह्मणाची सून रानात जाते, तेथे देवता तिला विचारतात, ती आपली हकीकत सांगते आणि तिची सातही मुले जिवंत होऊन तिच्यासमोर उभी राहतात. सोमा परटीण आपले पुण्य देऊन दुसऱ्या मुलीच्या मेलेल्या नवऱ्याला उठविते. या दोन्ही कथा १९१४ च्या त्या संग्रहात आहेत आणि तो संग्रह नऊ वर्षांच्या डेनिसला अर्पण केलेला आहे. आपल्या व्रतकथा सांगणाऱ्या स्त्रियांना मुले परत येत नाहीत हे चांगले ठाऊक होते. देवी, पटकी, प्लेग यांनी घरे ओस पडत होती, म्हणूनच तर या कहाण्या सांगितल्या जात. किंकेड यांच्या पुस्तकाला १९३७ नंतर जो अर्थ प्राप्त झाला तो त्या स्त्रियांना पहिल्यापासून अवगत होता. मुलाच्या मृत्यूनंतर किंकेड १७ वर्षे जगले. हिंदुस्थान स्वतंत्र झालेला त्यांनी दुरून पाहिला. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

किंकेड यांच्या जीवनकार्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावयास हवीत. परकीय अधिकाऱ्याने आपल्या संस्कृतीची थोरवी गायिली म्हणून कृतज्ञतेने भारावून जाणे हे एक टोक. साम्राज्याचा नोकर म्हणून त्याचे सर्व लेखन निकालात काढणे हे दुसरे. इतिहासकार म्हणून ते आज मागे पडले आहेत आणि ते योग्यच आहे. कहाण्यांचे भाषांतरकार म्हणून मात्र त्यांचे काम टिकून आहे. 'डेक्कन नर्सरी टेल्स' आता महाजालावर सर्वांना विनामूल्य वाचावयास मिळते, आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले आपल्या आजीची कहाणी त्याच्या इंग्रजीतून वाचू शकतात.

त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा मात्र त्यांनी जे केले नाही त्यातून मिळतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या सीमांत आज वाडवळी, सामवेदी, मांगेली, वारली, कोकणा अशा अनेक बोली नांदतात. वारली लग्नात धवलेरी गाते, किनाऱ्यावर कहाणी सांगितली जाते, बोईसरच्या चाळीत खानदेशी आणि वऱ्हाडी वळणाची व्रतकथा ऐकू येते. आमचे विद्यार्थी हे साहित्य गोळा करू लागले आहेत. त्यांनी ध्वनिमुद्रण करावे, शब्द न गाळता उतरून घ्यावेत, आणि सर्वांत आधी वहीच्या डोक्यावर सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तिने ही कहाणी कोणाकडून ऐकली ते लिहावे. न्यायालयातील साध्या कारकुनाला जे करावे लागे ते लोकसाहित्याच्या संग्राहकाने करू नये, याला कोणतेही समर्थन नाही. किंकेड यांनी राजाने ऐकलेली दिव्यांची गोष्ट आपल्याला इंग्रजीत दिली. कोणत्या घरातल्या दिव्याने ती सांगितली हे नोंदविण्याचे काम आता आपले आहे.